चिरंजीव कोणाला म्हणायचं?

आजच्या एपिसोडची सुरुवात एका लग्नपत्रिकेपासून करतो. विषय तसा वेगळाच आहे, पण मला तो सुचला पत्रिकेमुळे.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं. घरात सॉफ्टवेअरवाला मी एकटाच. त्यामुळे राउटर बंद पडला की मला फोन, मिक्सर बंद पडला तरी मलाच फोन. पत्रिकेचं कामही न विचारता माझ्याकडे आलं. मी पुण्यात बसून मोबाइलवर झकास डिझाइन केलं. वर गणपती, खाली कार्यालयाच्या पत्त्याचा क्यूआर कोड, मजकूर एकदम आटोपशीर. मग शनिवारी प्रिंट घेऊन साताऱ्याजवळ आमच्या गावी गेलो, आजीला दाखवायला.

आजी तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. शाळा चौथीपर्यंत. ती अजूनही बोट ठेवून वाचते, एकेक शब्द. पत्रिकेत वर तिचं नाव होतं, 'श्रीमती' लावून. त्याच्या खाली नवरदेवाच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं नाव. काका त्याच्या तीन वर्षं आधी गेले होते. म्हणून त्यांच्या नावाआधी मी 'कै.' टाइप केलं होतं. आजीचं बोट तिथं आलं आणि थांबलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "उलटं झालं रे. माझ्या नावाला लागायचं ते त्याच्या नावाला लागलं."

मग तिनं पत्रिकेत एक चूक काढली, आणि ती खरोखर माझी चूक होती. ती कोणती, ते शेवटी सांगतो.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मी लहानपणापासून अमर माणसांच्या गोष्टींचा वेडा. अश्वत्थाम्यापासून व्हॅम्पायरपर्यंत काहीही चालतं. मला कायम वाटायचं, की अमर माणसाचं दुःख म्हणजे कंटाळा. हजार वर्षं तेच ते बघायचं! पण आजीचं वाक्य ऐकल्यावर सगळ्या गोष्टी नव्यानं आठवायला लागल्या, आणि लक्षात आलं, की गोष्ट सांगणाऱ्यांना खरा घाम फुटतो तो दुसऱ्याच एका प्रश्नाला. या अमर माणसाला मुलं आहेत का? असतील तर ती मरतात का? आणि मरत असतील तर हा काय करतो?

गेली अडीच-तीन हजार वर्षं माणसं या प्रश्नाशी झटतायत. आज तोच इतिहास.

सुरुवात घरातून करू. आपले सात चिरंजीव तुम्हाला माहीत असतील: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम. आता यांच्या मुलाबाळांकडे बघा. परशुराम ब्रह्मचारी. हनुमान ब्रह्मचारी. पण लोकांना बहुतेक ते सहन झालं नसावं. वाल्मीकी रामायणात नसलेली एक गोष्ट पुढे तयार झाली. लंका जाळून हनुमान समुद्रावरून निघाला, त्याच्या घामाचा थेंब मगरीनं गिळला, आणि त्यातून मकरध्वज जन्मला. पुढे पाताळात हे बापलेक समोरासमोर येतात तेव्हा एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. आधी मारामारी करतात, मग ओळख पटते. अमर बाप आणि त्याला न ओळखणारा मुलगा. ही जोडी लक्षात ठेवा, ती आपल्याला परत भेटणार आहे.

आणि अश्वत्थामा? आपल्याकडे तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, असं प्रत्येक आजीनं नातवंडांना सांगितलेलं असतं. पण त्याला शिक्षा का झाली, हे आपण घाईत विसरतो. त्यानं रात्रीच्या अंधारात द्रौपदीची पाचही मुलं झोपेत मारली. मग उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. म्हणजे त्यानं दुसऱ्याचा वंश मुळापासून तोडायचा प्रयत्न केला. त्यावर कृष्णानं त्याला मारून टाकलं नाही. ३००० वर्षं एकटा भटकशील, कुणी तुझ्याशी बोलणार नाही, असा शाप दिला. पोरांच्या खुन्याला शिक्षा म्हणून लांब आयुष्य!

आता जरा ग्रीसला जाऊ, कारण तिथं हा प्रश्न फार उघडपणे मांडलाय.

ग्रीक देव अमर आहेत, आणि त्यांना मुलांची भीती वाटते. इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास हेसिअड नावाच्या कवीनं देवांची वंशावळ रचली. त्यात क्रोनस हा देव स्वतःची मुलं जन्मताच गिळतो. का? तर त्याला भाकीत कळलेलं असतं, की मुलगा आपल्याला खुर्चीवरून खाली ओढणार. तुम्ही मरणार नसाल तर मुलाला तुमची जागा मिळणार कधी? एक तर मुलानं तुम्हाला हाकलायचं, नाही तर तुम्ही मुलाला गिळायचं. यातून वाचलेला झ्यूस शेवटी बापाला हाकलतोच.

आणि मग तोच झ्यूस बापासारखा वागतो. थेटिस नावाच्या समुद्रदेवीवर त्याचा जीव जडतो. पण भाकीत असतं, की थेटिसचा मुलगा त्याच्या बापापेक्षा मोठा होईल. देव सावध होतात आणि तिचं लग्न पेलिअस नावाच्या माणसाशी लावून देतात. मर्त्य बापाचा मुलगा मर्त्य. कितीही मोठा झाला तरी मरेल, म्हणजे देवांना धोका नाही.

तो मुलगा म्हणजे अकिलीस. ब्रॅड पिटच्या सिनेमातला. त्याचं मरण ही देवांनी स्वतःसाठी करून घेतलेली सोय होती, हे मला कळलं तेव्हा सिनेमा परत बघवेना. टाच सोडून सगळं अंग नदीत बुचकळलं, ही गोष्ट होमरच्या 'इलियड'मध्ये नाही. ती आपल्याला पहिल्यांदा सापडते ती कित्येक शतकांनी, स्टेशियस या रोमन कवीकडे. होमरची थेटिस कुठलीही युक्ती करत नाही. तिला माहीत आहे, की हा मरणार. मुलगा धडधाकट जिवंत असताना ती त्याच्यासाठी रडते, आणि रडून झालं की त्याच्यासाठी नवं चिलखत आणायला जाते.

तिच्यासमोरच्या बाजूला आणखी एक अमर आई आहे. उषेची ग्रीक देवी इऑस. तिचा मुलगा मेम्नॉन ट्रॉयच्या बाजूनं लढतो आणि अकिलीसच्या हातून मरतो. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात एक ग्रीक प्याला आहे, साधारण इसवी सनापूर्वी ४९०-४८० मधला. त्याच्या आत इऑसनं मुलाचं प्रेत दोन्ही हातांवर उचलून धरलंय. देवी आहे, तिला पंख आहेत, पण मान मुलाकडे झुकलेली. सकाळी पडणारं दव म्हणजे तिचे अश्रू, असं पुढे लोक म्हणायला लागले. ती रोज उगवते, म्हणजे रोज रडते. संपतच नाही.

आता परत महाभारतात येऊ. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात एकटा बाप तिथं बसलाय, आणि आपण त्याच्याकडे बाप म्हणून बघतच नाही. आपण त्याला लेखक समजतो. व्यास.

हिशोब मांडा. धृतराष्ट्र, पंडू आणि विदुर ही व्यासांची मुलं. कौरव त्यांचे सख्खे नातू, पांडव पंडूच्या नात्यानं नातू. म्हणजे कुरुक्षेत्रावर दोन्ही बाजूंनी जे कापले गेले, ते सगळं यांचंच घर. आणि हे गृहस्थ चिरंजीव. पंडू गेल्यावर व्यास आपल्या आईला, सत्यवतीला सांगतात, की बरे दिवस संपले, तू आता वनात जा, या कुळाचा नाश तुला डोळ्यांनी बघावा लागू नये. आई जाते. तिला सुटका मिळते. ज्यानं सल्ला दिला, त्याला मात्र ती सोय नाही. त्याला सगळं बघायचंय, आणि वर लिहायचंय.

युद्धानंतर १५ वर्षं हस्तिनापुरात काढून धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात जातात. तिथं व्यास त्यांना भेटतात. एवढ्या वर्षांनंतरही गांधारीचं दुःख तसंच ताजं आहे. तेव्हा व्यास एका रात्री गंगेत उतरतात आणि मेलेल्यांना हाका मारतात. पाण्यातून सगळे वर येतात. दुर्योधन, कर्ण, अभिमन्यू, द्रौपदीची मुलं. वैर संपलेलं. धृतराष्ट्राला त्या रात्रीपुरती दृष्टी मिळते आणि तो आपली शंभर मुलं आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी बघतो. सकाळी सगळे परत जातात.

इतकं सामर्थ्य असलेल्या माणसाला मिळालं काय? एक रात्र. तीसुद्धा दुसऱ्यांसाठी मागून घेतलेली.

आणि व्यासांचा सगळ्यात लाडका मुलगा, शुक? त्याची गोष्ट शांतिपर्वात आहे. शुक मुक्त होऊन निघून जातो, सगळ्या सृष्टीत विरघळून जातो. मागून व्यास धावतात. एवढे मोठे ज्ञानी, वेदांची मांडणी करणारे. पण त्या क्षणी फक्त मुलाच्या नावानं ओरडतात. शुक सगळ्यात मिसळलेला असल्यामुळे डोंगर, झाडं, सगळीकडून 'ओ' येते. पण मुलगा येत नाही. शेवटी शंकर येऊन त्यांची समजूत काढतात आणि वर देतात, की मुलासारखी एक सावली तुला कायम तुझ्याजवळ दिसत राहील.

काकांचा व्हॉट्सअ‍ॅप डीपी आजीनं कुणाला काढू दिलेला नाही. त्यांचा नंबर अजून रिचार्ज होतो. व्यासांना मिळालेल्या वराबद्दल वाचलं तेव्हा मला तेच आठवलं.

आता याच महाभारतातली उलट बाजू. ययाती. तो अमर नाही, पण म्हातारं व्हायला तयार नाही. शुक्राचार्यांच्या शापानं अकाली म्हातारपण आल्यावर तो आपल्या पाच मुलांकडे तारुण्य मागतो. चौघं नाही म्हणतात, धाकटा पुरू हो म्हणतो. मग बाप १००० वर्षं तरुण आणि मुलगा म्हातारा. क्रोनसनं मुलाला गिळलं, ययातीनं मुलाचं तारुण्य गिळलं. फरक एवढाच, की आपल्याकडे मुलाच्या त्यागाचं कौतुक झालं.

विसाव्या शतकात मात्र लेखकांना हे कौतुक पचेना. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ मध्ये आली. पुढे तिला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. खांडेकरांचा ययाती कधीच तृप्त न होणाऱ्या आजच्या माणसाचा चेहरा घेऊन उभा राहतो. १९६१ मध्ये गिरीश कार्नाड यांचं कन्नड नाटक आलं. कार्नाड तेव्हा विशीत होते, साधारण आपल्याच वयाचे. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. पुरूचं लग्न झालेलं असेल तर? त्यांनी चित्रलेखा नावाची सून घातली. नवरा एका रात्रीत म्हातारा होऊन समोर येतो, आणि शेवटी ती जीव देते. मुलाकडून घेतलेलं तारुण्य फक्त त्याचंच नसतं, त्याच्या पुढे जे येणार होतं तेही त्यात जातं. विशीतल्या लेखकाला हे दिसलं याचं मला नवल वाटत नाही.

हा सगळा हिशोब कायद्यात बसवायचा ठरवला तर काय होईल? ते काम १७२६ मध्ये जोनाथन स्विफ्टनं करून ठेवलंय. 'गलिव्हरच्या सफरी' म्हटलं की आपल्याला बुटक्यांचा देश आठवतो. पण तिसऱ्या भागात गलिव्हर लग्नॅग नावाच्या देशात जातो. तिथं अधूनमधून एखादं मूल डाव्या भुवईच्या वर लाल ठिपका घेऊन जन्मतं. तो ठिपका असला की ते मूल कधीच मरणार नाही. ही माणसं म्हणजे स्ट्रल्डब्रग. साऱ्या राज्यात मिळून साधारण ११००.

ऐकल्या ऐकल्या गलिव्हर हरखून जातो. मी असा जन्मलो असतो तर काय काय केलं असतं, याची यादी करतो. पैसा जमवीन, सगळी विद्या शिकीन. मरणाऱ्या माणसांचं दुःख सुरुवातीला होईल, मग सवय होईल. दरवर्षी बागेत नवी फुलं येतात, गेल्या वर्षीच्या फुलांसाठी कोण रडतं? अगदी चौथ्या वर्षाला असताना आम्ही हॉस्टेलवर मारायचो तशा गप्पा.

मग तो प्रत्यक्षात ती माणसं बघतो. अमर आहेत, पण म्हातारपण थांबलेलं नाही. दात गेलेत, आठवण गेलीय. भाषा बदलत राहते, त्यामुळे दोनशे वर्षांनी त्यांना शेजाऱ्याचं बोलणं कळत नाही. त्यांची मुलं इतरांसारखीच मर्त्य असतात, कारण तो ठिपका वंशानं पुढे जात नाही. आणि वय ऐंशी झालं की कायदा त्यांना मेलेलं समजतो. इस्टेट लगेच वारसांच्या नावावर. अमर माणसानं अमर माणसाशी लग्न केलं असेल, तर दोघांतलं धाकटं ऐंशीचं झालं की लग्नही रद्द. स्विफ्टनं कारण स्पष्ट दिलंय. असं केलं नाही तर ही माणसं हळूहळू सगळ्या देशाची मालक होतील. आणि अंत्ययात्रा दिसली की हे म्हातारे हळहळतात, कारण इतरांना जिथं जाऊन विसावा मिळतो तिथं यांना जाता येत नाही.

कॉलेजात शिकलेली एक गोष्ट मला इथं नीट समजली. डेटा स्ट्रक्चरच्या पहिल्या काही तासांत क्यू शिकवतात. साधी रांग. आधी आला तो आधी बाहेर. एखादी नोंद पुढे येऊन अडकली आणि बाहेरच पडेना, तर मागचे सगळे खोळंबतात. स्विफ्टनं तिथं चक्क टाइमआउट टाकला. ऐंशी वर्षं झाली? माणूस राहू दे, पण रांगेतून बाहेर काढा.

विसाव्या शतकात लेखकांनी आणखी एक शक्यता तपासली. अमर माणसाला मुलांबद्दल काही वाटेनासंच झालं तर? कारेल चापेक हे नाव आपल्या क्षेत्रातल्या लोकांना माहीत हवं. 'रोबॉट' हा शब्द जगाला त्याच्या नाटकातून मिळाला. त्याचंच 'माक्रोपुलोस प्रकरण' हे नाटक १९२२ मध्ये प्रागमध्ये रंगभूमीवर आलं. नायिका ३३७ वर्षांची. राजवैद्य असलेल्या बापानं सम्राटासाठी केलेलं औषध आधी सोळा वर्षांच्या मुलीवर वापरून बघितलं, आणि ती जगतच राहिली. जो तरुण तिच्या प्रेमात वेडा झालाय, तो तिचाच वंशज निघतो. तिला त्याचं काहीही वाटत नाही. ना माया, ना लाज. शेवटी ते औषधाचं सूत्र एका तरुण मुलीच्या हाती येतं आणि ती ते जाळून टाकते. लक्षात घ्या, ही गोष्टसुद्धा बापानं आपल्या मुलीवर केलेल्या प्रयोगापासूनच सुरू होते.

पुढचं उदाहरण सांगताना मला जरा जड जातं. १९७२ मध्ये अ‍ॅन राइस या अमेरिकन लेखिकेची मुलगी ल्युकेमियानं गेली. तिला सहा वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर राइसनं जी कादंबरी लिहिली ती १९७६ मध्ये आली, 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'. त्यात क्लॉडिया नावाची पाच वर्षांची मुलगी आहे. ती मरायला टेकलेली असताना दोन व्हॅम्पायर तिला अमर करतात. म्हणजे थेटिसला जे जमलं नाही ते इथं झालं. मूल वाचलं, कायमचं.

आणि लेखिका तिथं थांबत नाही. क्लॉडियाचं मन वाढतं, शरीर वाढत नाही. दशकं उलटतात. आत एक पूर्ण बाई, बाहेर पाच वर्षांची बाहुली. जिनं ही अवस्था दिली त्यांचा ती संताप संताप करते, आणि शेवटी तीही मरते. स्वतःचं मूल गमावलेल्या बाईला कागदावर तरी ते मूल कायमचं ठेवता आलं असतं. तिनं ते ठेवलं, आणि मूल तसंच ठेवणं म्हणजे काय ते शेवटपर्यंत बघितलं. आईबाप म्हणतात ना, पोरं लहान होती तेच बरं होतं. तसं खरंच झालं तर काय, याचं उत्तर तिनं लिहिलं.

सगळेच लेखक इतकं सोसायला तयार नसतात. १९८६ च्या 'हायलँडर' सिनेमानं सरळ शॉर्टकट मारला. तलवारी घेऊन शतकानुशतकं लढणाऱ्या अमर योद्ध्यांना मुलं होतच नाहीत. फीचर डिसेबल! प्रश्नच मिटला. पण मिटला का? नायक दुसऱ्या महायुद्धात एका अनाथ मुलीला वाचवतो आणि सांभाळतो. पुढे न्यूयॉर्कमध्ये ती त्याच्याकडेच काम करताना दिसते. ती आता पिकल्या केसांची, तो तसाच तरुण. बघणाऱ्याला ती त्याची आई वाटेल. मुलं नाहीत असा नियम केला, तरी मूल दुसऱ्या दारानं गोष्टीत शिरलंच. मकरध्वजाचंही तेच झालं होतं.

शेवटचा सिनेमा, २००७ चा 'द मॅन फ्रॉम अर्थ'. स्पॉयलर आहे, बघायचा असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

जेरोम बिक्सबी या लेखकाची ही शेवटची कथा. तो १९९८ मध्ये गेला, सिनेमा त्याच्यानंतर आला. जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत. एक प्राध्यापक मित्रांना सांगतो, की मी १४,००० वर्षं जगतोय. दर दहा वर्षांनी गाव बदलतो, म्हणजे कुणाच्या लक्षात येत नाही. मित्र हसतात, चिडतात, वाद घालतात. रात्री बोलता बोलता तो आपलं साठ वर्षांपूर्वीचं एक नाव सांगतो, आणि खोलीतले म्हातारे मनोविकारतज्ज्ञ एकदम थबकतात. ते त्यांच्या वडिलांचं नाव. लहानपणी सोडून गेलेल्या वडिलांचं. समोर पस्तिशीचा दिसणारा बाप, आणि पिकलेला मुलगा. ओळख पटते आणि त्या धक्क्यानं मुलाचं हृदय बंद पडतं. तेव्हा सोबतची बाई त्याला म्हणते, की मोठं झालेलं स्वतःचं मूल मरताना तू याआधी कधी पाहिलंच नव्हतंस.

१४,००० वर्षं जगायचं त्याचं तंत्र एवढंच होतं. वेळेत निघून जायचं. व्यास निघून गेले नाहीत, थेटिस निघून गेली नाही. आणि माझी आजीही, सोय नव्हती म्हणून म्हणा, पण तिथंच राहिली.

एवढं सगळं एका रांगेत ठेवल्यावर मला एक दिसतं. देश बदलला, शतक बदललं, देवाच्या जागी औषध आलं, औषधाच्या जागी व्हॅम्पायर आला. पण आयुष्य किती लांब असावं, यावर या गोष्टी फार बोलतच नाहीत. त्यांना क्रमाची काळजी आहे. आईबापांनी आधी जावं, मुलांनी मागे राहावं. अमर आईबाप हा क्रम कायमचा बिघडवतात, म्हणून गोष्ट सांगणारा कधी त्यांची मुलं काढून घेतो, कधी माया काढून घेतो, कधी त्यांना पळून जायला लावतो. आणि क्रम बिघडायला चौदा हजार वर्षं लागत नाहीत. शहाऐंशी वर्षांतही बिघडतो.

आता माझी चूक. पत्रिका मॉडर्न दिसावी म्हणून मी नवरदेवाच्या नावाआधीचं 'चि.' आणि नवरीच्या नावाआधीचं 'चि. सौ. कां.' उडवलं होतं. मला ते जुनाट वाटायचं. आजीचं बोट काकांच्या नावावरून हळूहळू खाली आलं, नातवाच्या नावावर टेकलं, आणि ती म्हणाली, "ह्याच्या नावाला काहीच नाही? चि. घाल. तिच्याही नावाला घाल."

मी म्हटलं, "आजी, हल्ली कुणी लावत नाही."

"लावू देत नाहीतर नको. आपण घालायचं. तेवढंच आपल्या हातात आहे."

मी घातलं. तेव्हा नुसतं तिचं मन राखायला. पण नंतर डोक्यात प्रकाश पडला. आपल्या भाषेत 'चिरंजीव' म्हणजे जो मरत नाही तो, आणि 'चिरंजीव' म्हणजे मुलगा. "हे आमचे चिरंजीव," असं आपण किती सहज म्हणतो. पूर्वी पोस्टकार्डावर घरातल्या लहानांच्या नावाआधी 'चि.' असायचंच. थोरांना तीर्थरूप म्हणायचं, चिरंजीव म्हणायचं ते धाकट्याला. ग्रीकांनी, स्विफ्टनं, हॉलिवूडनं अमरपण आईबापांना देऊन बघितलं आणि प्रत्येक वेळी हात पोळले. मराठीनं कधीचं ठरवून टाकलंय, की तो शब्द खालच्या पिढीला द्यायचा आणि आपण वरच्या ओळीत 'कै.' व्हायची तयारी ठेवायची. आजीच्या बाबतीत मधली ओळ चुकली. म्हणून खालची तरी बरोबर असावी, एवढीच तिची मागणी होती.

लग्नात कुणीतरी तिच्या पाया पडून म्हणालं, "आजी, शंभरी गाठायची बरं का." तिनं लगेच हात आडवा केला. म्हणाली, "ते मला नको. त्या दोघांना द्या."

तर मंडळी, एवढंच आज. घरात जुनी पत्रं किंवा लग्नपत्रिका असतील तर एकदा काढून बघा, कुणाच्या नावाआधी काय लावलंय ते वाचा. आणि पुढच्या वेळी कुणी पत्रिकेचं काम तुमच्यावर ढकललं, तर 'चि.' उडवू नका. भेटू पुढच्या भागात.